न उलटलेली पट्टी

मी गोव्यात औषधाच्या गोळ्यांच्या कंपनीत पॅकिंगला आहे. लग्नाआधी तुयेला होते, लग्नानंतर डिचोलीला आले. काम तेच. बेल्टवरून गोळ्यांच्या पट्ट्या येतात. एक उचलायची, पुढून बघायची, कुठलं घर रिकामं नाही ना, मग उलटायची आणि मागचं छापलेलं वाचायचं: बॅच नंबर, बनवल्याची तारीख, संपण्याची तारीख. आठ तास हेच. आमचा सुपरवायझर नव्या मुलींना माझ्याकडे बोट दाखवून सांगतो, हिच्या हातातून चुकीची पट्टी पुढे जात नाही.

आणि माझ्याच घरात, मोरीच्या वरच्या फळीवर, नवऱ्याच्या दाढीच्या डब्यात एक पट्टी होती. अडीच महिने मी तो डबा पुसून जागेवर ठेवत होते. ती पट्टी मी एकदाही उलटली नाही.

मला हर्पीस आहे. तोंडावरचा नव्हे, खालचा. घ्या, लिहिलं. हा शब्द कागदावर उतरवायला मला दोन वर्षं लागली, आणि कागद काही पेटला नाही. तुमच्यापैकी कुणी आज इस्पितळातून चिठ्ठी घेऊन घरी आली असेल, आणि चिठ्ठी ब्लाउजात लपवून भात लावत असेल, तर हे तिच्यासाठी आहे. नावं मी बदलली आहेत. बाकी काही बदललेलं नाही.

*

माहेर माझं पेडण्यात, धारगळच्या आत. सासर सर्वणला. सासरचे मूळचे दोडामार्गकडचे. सासरे खाणीवर ट्रक चालवायला आले आणि इथलेच झाले. ते गेले, आता नवरा ट्रक चालवतो. सतीश त्याचं नाव. पूर्वी मी त्याला 'हे' म्हणायचे. आता 'तो' म्हणते. एवढं स्वातंत्र्य मी घेतलंय.

लग्न वैशाखात झालं. माणूस वाईट नव्हता हो, तेच तर दुखतं. कामावरून येताना माझ्यासाठी गरम उंडे, बेकरीतले गोल पाव, आणायचा, चहाबरोबर मला आवडतात म्हणून. सासूबाईंशी माझं काही वाजलं की मध्ये पडायचा. मी मैत्रिणींना फोन करून सांगायचे, मला लॉटरी लागली गो.

लग्नानंतर पंधरा दिवसांत एकदा डबा पुसताना पट्टी दिसली. अर्धी संपलेली. मी विचारलं, "ह्या गोळ्या कसल्या?"

"उष्णतेच्या," तो म्हणाला. "ट्रकाचं इंजिन असता ना पायाकडे. बसून बसून उष्णता होते."

मी गोळ्यांच्या कंपनीत काम करणारी बाई. उष्णतेवर अशी गोळी नसते हे मला कळायला हवं होतं. पण आमच्याकडे कशाला उष्णता म्हणत नाहीत? तोंड आलं, उष्णता. डोळे लाल, उष्णता. नवऱ्याने उष्णता म्हटल्यावर मी दुसऱ्या दिवसापासून त्याच्यासाठी कोकमाची सोलं भिजत घालायला लागले. रोज सकाळी तांब्याभर सोलांचं पाणी, साखर आणि जिरं घालून. तो उभ्याने घटाघटा प्यायचा आणि म्हणायचा, "बरा वाटता गो, थंड पडला." काय पण नाटक! आजही कुणाकडे सोलांचं पाणी समोर आलं की मी पेला बाजूला सारते.

*

आषाढात मला ताप आला. दोन दिवसांनी खाली आग सुरू झाली. नंतर फोड. लघवीला जायचं म्हटलं की रडू यायचं. मी पाणी प्यायचं सोडलं, म्हणजे जावंच लागणार नाही. हे तुम्ही करू नका, त्याने आग वाढते. सासूबाईंना तापाचं सांगितलं, बाकीचं थोडं आडून सांगितलं. त्या म्हणाल्या, "उष्णता झाली. सब्जा घे." सब्जा घेतला. सतीशने माझ्याकडे बघितलं आणि ट्रकाची किल्ली उचलून निघून गेला. त्या वेळी मला वाटलं, बायकांच्या दुखण्यात पुरुष लाजतात.

तशाच तापात मी कामावर गेले. लाईनवर माझ्या शेजारी शोभाताई असते. गडहिंग्लजकडची, नवरा बांधकामावर, दहा वर्षं इथे आहेत. तिने मला चालताना बघितलं आणि सरळ विचारलं, "का गं, अशी का चालतीस? नवरा मारतोय व्हय?"

"नाही हो."

"मग खाली काय झालंय. लाजू नगस. सुट्टी टाक, चल माझ्यासंगं."

मी नको नको म्हणत होते. तिने सुपरवायझरला काय सांगितलं देव जाणे, पण आम्ही दोघी बसने सरकारी इस्पितळात गेलो. डॉक्टरीण माझ्याच वयाची असेल. पडदा ओढला, तपासलं, हात धुतले आणि समोर बसली. एवढ्या हळू बोलली की मी पुढे वाकले.

"ह्याला हर्पीस म्हणतात. विषाणू आहे. अंगसंगातून येतो. पहिल्यांदा असाच जोरात येतो, मग पुढे कमी होत जातो. मुळातून जात नाही, पण गोळ्यांनी आटोक्यात राहतो. तू मरणार नाहीस, तुला मुलं होऊ शकतात. ह्या तीन गोष्टी आधी ऐकून घे, मग रड."

मी रडले नाही. मी म्हटलं, "पण मी तर कुणाकडे... मी फक्त नवऱ्याकडे..."

"मी तुला तसं काही विचारलेलं नाही," ती म्हणाली. "नवऱ्याला घेऊन ये. त्यालाही तपासायला हवं."

मग रक्त घेतलं, बाकीच्या रोगांसाठी. निकाल यायला वेळ होता. बाहेरच्या बाकावर बसून मी एड्सपासून मोक्षापर्यंत सगळं मनात करून आले. शोभाताईने मला बिस्किटाचा पुडा फोडून दिला, आणि मी नको म्हटलं तर स्वतःच खात बसली. निकाल चांगले आले. बाकी काही नव्हतं. औषधांच्या खिडकीवरच्या माणसाने गोळ्या दिल्या आणि सवयीने मी पट्टी उलटली.

उलटायच्या आधीच मला कळायला हवं होतं. तोच निळा रंग, गोळीचं तेच आडवं घर. मागे नाव छापलेलं. ही पट्टी मी आधी बघितली होती. कंपनीत नव्हे. आमच्या मोरीत.

"काय झालं?" शोभाताईने विचारलं.

"काही नाही," मी म्हटलं. "घरी जायचंय."

*

घरी सासूबाई गाईला पेंड घालायला गेल्या होत्या. मी मोरीत गेले, दाढीचा डबा काढला, पट्टी उलटली. बॅच नंबर, बनवल्याची तारीख, संपण्याची तारीख. आमच्या लग्नाच्या तीन वर्षं आधी बनलेली. लग्न झालं त्याच महिन्यात मुदत संपलेली. पट्टीची घडी होऊन होऊन कागद मऊ झाला होता. म्हणजे जुनी सोबत होती.

आठ तास दुसऱ्यांच्या पट्ट्या उलटते मी! स्वतःची एक उलटता आली नाही. त्या दिवशी रोगाचं दुखणं मागे पडलं आणि हे पुढे आलं.

तो संध्याकाळी आला. विहिरीवर हातपाय धुवत होता. मी दोन्ही पट्ट्या त्याच्यासमोर धरल्या, त्याची आणि माझी. बराच वेळ तो पायावर पाणी ओतत राहिला. पाय केव्हाच स्वच्छ झाले होते.

"माका वाटला, बरा झाला असतला," तो म्हणाला.

"लग्नाआधी माहीत होतं?"

"कधीतरी येत होता. वर्षातना एकदा. मग येवचा बंद झाला. मी मुद्दाम..."

"सांगितलं का नाहीस?"

"सांगितला असता तर तू हो म्हटला असता?"

कदाचित म्हटलं असतं. तेवढा तो आवडला होता मला. पण विचारायची संधी माझी होती, ती त्याने परस्पर घेऊन टाकली. मी विचारलं, "आणखी कुणाला ठाऊक?"

"आईक," तो म्हणाला. "तिनाच पयला डॉक्टराकडे व्हेला होता."

सब्जा घे म्हणणारी सासू. तिला माहीत होतं. मी तापाने कण्हत होते तेव्हा त्या दोघांना माहीत होतं, आणि दोघं एकमेकांकडे न बघता जेवत होते.

एक गोष्ट इथेच सांगते. रोग झाला म्हणून माझा त्याच्यावर राग नाही. त्यालाही कुणाकडून तरी आलाच असेल, तो काही मागायला गेला नव्हता. राग आहे तो गप्प बसण्याचा. मी त्याच्याकडे त्या दिवशी एकच गोष्ट मागितली. कधी गरज पडली, कुणी माझ्यावर बोट ठेवलं, तर तू सांगायचं: हे माझ्याकडून आलं. बस. एक वाक्य. तो म्हणाला, "सांगीन गो, सांगीन. कित्या नाय सांगूचा?"

*

गरज आठ दिवसांतच पडली.

सासूबाईंनी माझं ताट वेगळं केलं. बोलून नव्हे. एके दिवशी माझं जेवण स्टीलच्या जुन्या ताटलीत आलं आणि मग रोजच तिच्यात येऊ लागलं. माझे कपडे वेगळ्या बालदीत. मी चुलीकडे गेले की, "रव, मी करतंय." देवाची भांडी घासायला घेतली तर हातातून काढून घेतली. आणि मुलाचं ताट? मुलाचं ताट नेहमीचं, पितळेचं, त्यात वाढलेलं तूप. मी एकदा म्हटलं, "आई, मला ज्याच्याकडून आलं त्याला त्याच ताटात वाढताय."

"पुरुषाचा वेगळा असता," त्या म्हणाल्या. "आणि तुझ्याकडसूनच इला नसतला कशावरना? कंपनीत कायकाय चलता, आमका ठाऊक नाय?"

सतीश तिथेच बसला होता. मी त्याच्याकडे बघितलं. त्याने आमटीत भात कालवला.

ह्यातली गंमत ऐका. दर पावसाळ्यात सासूबाईंच्या ओठाला फोडांचा घोस येतो. ज्वर मुतला म्हणतात आपल्याकडे, आणि वर लोणी लावतात. पुढे मी डॉक्टरणीला विचारलं तेव्हा ती म्हणाली, तोही ह्याच घराण्यातला. ओठावर आला की ज्वर मुतला, आणि खाली आला की बाई वाईट चालीची! तो ओठ घेऊन सासूबाई शेजारच्या बाळांचे मुके घेत हिंडायच्या. त्यांचं ताट कुणी वेगळं केलं नाही. मीही केलं नसतं.

*

मग चवथ आली.

गोव्याबाहेरच्यांना सांगते. लग्नानंतरची पहिली चतुर्थी आली की मुलीच्या माहेरून सासरी वजें येतं. लाडू, नेवऱ्या म्हणजे करंज्या, केळ्यांचे घड, नारळ, मोठमोठ्या हाऱ्यांतून, म्हणजे टोपल्यांतून. ते गणपतीपुढे ठेवतात आणि मग सगळ्या वाड्यात घरोघरी वाटतात. ह्यांच्या सुनेचं वजें आलं, असं प्रत्येक घराला कळतं. आयुष्यात एकदाच येतं ते. माझी आई, आम्ही तिला आये म्हणतो, महिनाभर त्याच्या तयारीत होती. कागदासारख्या पातळ नेवऱ्या लाटायची तिची ख्याती आहे. भाऊ टेम्पो घेऊन आला, आये पुढे बसून आली. दोन हारे, वर लाल कापड.

मला बाहेर आरतीची तयारी करायला सांगून सासूबाईंनी आयेला स्वयंपाकघरात नेलं. अर्ध्या तासाने आये बाहेर आली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर रक्ताचा थेंब नव्हता. ती मला मागच्या पडवीत घेऊन गेली.

"बाय, माका खरा सांग. तुका लग्नाआधी कोण होतो?"

हे माझी आई विचारत होती. जिने मला जन्म दिला, जिच्या शेजारी मी चोवीस वर्षं झोपले. मी म्हटलं, "आये, ह्यांच्याकडून आलंय. ह्यांना आधीपासून आहे. विचार त्यांना."

आये बाहेर गेली. जावईबापू मखराला दिव्यांची माळ लावत होते. तिने विचारलं की नाही, मला ऐकू आलं नाही. पण मी दारातून बघत होते. तो हसला, मान हलवली, आणि म्हणाला, "आये, चवथीचा कित्या असला बोलणा?"

निघताना मी आयेला म्हटलं, मी येते तुझ्याबरोबर. ती म्हणाली, "आता नको. लोकां काय म्हणतली?" आणि टेम्पोत चढली.

गणपती पाण्यात गेल्यानंतर दोन दिवसांनी मी घरामागच्या अडगळीच्या कोनाळीत लाकडं आणायला गेले. हारे तिथे होते. लाल कापड तसंच. वर मुंग्यांची रांग. एकही लाडू कुठे गेला नव्हता. सासूबाईंनी वाड्यात सांगितलं होतं की सुनेक बरा नाय, तिच्या हातचा, तिच्या घरचा काय घेव नकात. मी त्या हाऱ्याशेजारी जमिनीवर बसले आणि आयेच्या नेवऱ्या मोजल्याही नाहीत, नुसत्या बघत राहिले. नंतर त्या गाईला घातल्या. गाईने खाल्ल्या.

*

ह्या दिवसांत मला कुणी धरून ठेवलं असेल तर शोभाताईने. तिला मी सगळं सांगितलं, कंपनीच्या मागच्या पायरीवर, डब्याच्या सुट्टीत. माझा डबा मी उघडला नव्हता. तिने तो उघडला, माझ्याच डब्यात भाकरी बुडवली आणि खायला लागली.

"शोभाताई, माझा डबा..."

"काय हुतंय? डॉक्टरनं सांगितलंय न्हवं, ताटातनं येत न्हाई म्हणून? मी तिथंच हुते की पडद्यामागं. तुझी भाजी अळणी झालीया बघ."

मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट जेवले.

इस्पितळात एक समुपदेशक बाई बसतात. त्यांच्याकडे मी महिन्यातून दोनदा जायला लागले. त्यांनी मला साध्या साध्या गोष्टी शिकवल्या, ज्या मला आधी कुणी सांगायला हव्या होत्या. लघवी करताना वरून कोमट पाणी ओतत राहायचं, आग कमी होते. सुती, सैल कपडे. फोड यायच्या आधी मांडीत चमका येतात, त्या ओळखायच्या आणि गोळी लगेच सुरू करायची. फोड दिसत नसले तरी जोडीदाराला लागू शकतो, म्हणून त्याला सांगायचं, आधी. हे ऐकताना मी एवढ्या मोठ्याने हसले की बाई दचकल्या.

त्यांनीच मला आणखी दोघींशी गाठ घालून दिली. एक वाळपईची, एक नार्व्याची. आम्ही तिघी इस्पितळाच्या कँटिनमध्ये भजी खात बसतो. नार्व्याची बाई पन्नाशीची आहे, नवरा बार्जवर होता. तिने वीस वर्षं कुणालाही सांगितलं नव्हतं. पहिल्या दिवशी तिने माझा हात धरला आणि म्हणाली, "म्हाका दिसतालें, सगळ्या गोंयांत हांवच एकटी." तिला वीस वर्षं वाटत होतं, आणि मला तीन महिने. त्या मानाने मी सुटले.

पण एक गोष्ट आत टोचतच होती. आयेने मला विचारलेला तो प्रश्न.

*

एका रविवारी मी ती जुनी पट्टी पर्समध्ये टाकली आणि माहेरी गेले. आये परसात वाल सोलत होती. मी तिच्यासमोर बसले आणि पट्टी तिच्या हातात दिली. तिला इंग्रजी वाचता येत नाही. मी तिला म्हटलं, "आये, माझं काम काय आहे ठाऊक आहे तुला?"

"गोळये बघतस."

"उलट. मागे बघ. हा आकडा वर्षाचा. ही गोळी बनली ते वर्ष. माझं लग्न कधी झालं?"

तिने बोटावर मोजलं. परत मोजलं. पट्टी डोळ्याजवळ नेली, मग लांब धरली.

"ही खय मेळली?"

"त्याच्या दाढीच्या डब्यात. आणि त्याच्या आईला माहीत होतं."

माफी वगैरे मागायची आमच्याकडे रीत नाही, आणि मीही अपेक्षा केली नव्हती, असं मी स्वतःला सांगत होते. खरं म्हणजे केली होती. तिने वाल बाजूला सारले, आत गेली, आणि बाहेर येऊन भावाला हाक मारली. "रे, धा नारळ सोल."

"कित्याक आये?"

"सोल म्हटलंय ना!"

*

आता मी सर्वणला राहत नाही. डिचोलीत शोभाताईच्या चाळीत एक खोली घेतली आहे. पहिल्या वर्षी चार वेळा त्रास झाला, गेल्या वर्षी एकदा. कंपनीत दोघींना माहीत आहे, बाकीच्यांना विचारायचं असेल तर त्यांनी विचारावं. पुढे कुणाशी संसार करावासा वाटला तर पहिल्याच भेटीत सांगणार आहे. पळाला तर पळाला. ज्यांच्या घरात चिठ्ठी लपवून ठेवलेली आहे त्यांना मी एवढंच सांगेन, एका माणसाला सांगा. नवरा, आई, बहीण असंच काही नाही. जो तुमच्या डब्यात भाकरी बुडवील त्याला सांगा.

वज्याचं राहिलं.

त्या रविवारनंतरच्या रविवारी सकाळी दहाला आये सर्वणला आली. भाऊ, टेम्पो, आणि एक हारा. वर लाल कापड. सासूबाई ओट्यावर आल्या आणि बघतच राहिल्या.

"विहीणबाई," आये म्हणाली, "माझ्या चेडवाचा वजां वाड्यात पावला नाय म्हणान कळला. ता पावल्याशिवाय पुरा जायना."

"आता दसरो सुदीक होवन गेलो!"

"होवंदे."

मग ती सतीशकडे वळली. तो ट्रक धूत होता. "जावयबापू, उचला."

तिच्या आवाजात काय होतं कोण जाणे, त्याने पाईप टाकला आणि हारा उचलला. आम्ही तिघे निघालो, आये पुढे, तो मध्ये, मी मागे. पहिलं घर रखमाकाकीचं. सत्तरी ओलांडलेली बाई, वाड्यात तिचा शब्द चालतो. ती अंगणात सुपाऱ्या वाळत घालत होती. हारा बघून तिने कपाळावर हात धरला.

"ह्या काय रे? वजां? आता?"

आम्ही दोघी त्याच्याकडे बघत होतो. काकीही त्याच्याकडे बघत होती. त्याचं वाक्य त्याला ठाऊक होतं. तीन महिने मी ते मागत होते.

"ता काय झाला काकी," तो म्हणाला, आणि छान हसला, "चवथीक आईक बरा नव्हता. वाटूचा ऱ्हवला."

किती सहज! सोलांचं पाणी पिताना हसायचा तसंच. त्या क्षणी माझ्यातली उरलीसुरली आशा संपली, आणि खरं सांगू, हलकंच वाटलं. मी पुढे झाले.

"काकी, खोटं आहे ते. माझ्या आजाराचं तुम्ही ऐकलंय. तो मला ह्याच्याकडून आला. लग्नाच्या आधीपासून ह्याला आहे, ह्याला माहीत होतं, ह्याच्या आईला माहीत होतं. मला कुणी सांगितलं नाही. ताटातून, खाण्यातून तो येत नाही. आता घ्यायचं तर घ्या, नाहीतर आम्ही पुढच्या घरी जातो."

आयेने माझ्या पाठीवर हात ठेवला. लग्नात पाठवणीच्या वेळी ठेवला होता, त्यानंतर आताच.

काकीने हात पदराला पुसले. लाल कापड बाजूला केलं, एक नेवरी उचलली, मोडली, आणि तिथेच उभी राहून खाल्ली. सगळी. मग म्हणाली, "खोबरा बरा भाजलंस गो." हे आयेला. आणि सतीशकडे वळून, "रोगाचा काय नाय रे. तो कोणाकय होता. पण तोंड उघडूक तुका काय झाला?"

त्याने हारा सावरून धरला.

"तुमी दोगी भितर येवा," काकी म्हणाली. "चाय करतंय."

आम्ही चपला काढून आत गेलो. तो मागोमाग यायला लागला, तर काकी न वळताच म्हणाली, "तू रव थंयच."

पुढे त्या वाड्यात तीन घरांनी दार उघडलं नाही, बाकीच्यांनी घेतलं. पण मला आठवतो तो काकीकडचा चहा. मी तिच्या जनेलापाशी, खिडकीत बसले होते, तिच्या घरातल्या नेहमीच्या कपातून पीत होते. बाहेर ऊन चढलं होतं. तो अंगणाच्या मधोमध हारा धरून उभा होता. खाली ठेव म्हणून त्याला कुणी सांगितलं नाही.